रविवारच्या पेपरचं कुलूप

लातूरला इंजिनिअर कसे तयार करतात, असं मला कुणी विचारलं तर मी सरळ सांगते. तिसऱ्या मजल्यावर पोरं भरायची, खाली जाळीच्या दाराला कुलूप लावायचं आणि शिपायाला चहाला पाठवायचं. बाकीचं पोरं आपापलं बघून घेतात. यात मी पदरचं काही घालत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्याच जाळीच्या आत काढली.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. घर माळवदाचं, म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर लाकडांवर अंथरलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारेगार, म्हणून येणारा-जाणारा कौतुक करायचा. भूकंपात ते कौतुकाचं माळवद सुट्टीला घरी आलेल्या माझ्या दादावर पडलं. आई आणि मी तेव्हा मुदखेडला मामाकडे होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, घराबाहेर होते म्हणून वाचले. मला एवढंच माहीत होतं. त्यापुढचं अण्णा बोलत नव्हते, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

इंजिनिअर व्हायचं होतं ते दादाला. लातूरच्या एका शाळेत त्याला टेक्निकल विषय होता. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून चौकोनी करायचा, काटकोन तपासायचा गुण्या लावून बघायचं, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. दिवसभर घासून त्याच्या बोटांची सालं निघायची आणि त्याचे सर तो तुकडा परत त्याच्या हातात ठेवायचे, "उजेड दिसतोय." सुट्टीत घरी आला की गुण्या पिशवीत असायचाच. घरभर लावत फिरायचा. एकदा आमच्या दाराच्या चौकटीला लावला आणि म्हणाला, "अण्णा, हे दार जन्मात काटकोनात नव्हतं. म्हणूनच कडी लावायला खांदा द्यावा लागतो." अण्णा गावच्या शाळेत गुरुजी होते. ते हसून म्हणाले, "तू इंजिनिअर हो, मग बदल."

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. भेटायला येणारे पाहुणे खाली सतरंजीवर बसायचे, डोळे पुसायचे, आणि चहा पिऊन झाला की विषय इंजिनिअरिंगच्या सीटवर यायचा. "आता हिलाच दादाच्या जागी लावा. लातूरला टाका. भूकंपग्रस्त म्हणून कुठं काय सवलत मिळती का बघा." एका दूरच्या आत्यानं तर माझ्या तोंडावर सांगितलं, "तुमचं एका परीनं बरं हाय बाई. आमच्या पोराला असलं काहीच न्हाई." बाईच्या डोक्यात काय भरलं होतं देव जाणे! तिला उठून शेडबाहेर काढावंसं वाटलं होतं. आईनं तिला आणखी अर्धा कप चहा दिला.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, ती गोष्ट वेगळी. मला खरंच शिकायचं होतं. घर कसं पडतं आणि कसं पडत नाही, एवढंच शिकायचं होतं. अण्णांना काय हवं होतं ते त्यांनी मला लातूरच्या एस.टी.त बसवताना एकाच वाक्यात सांगितलं. "दादाचं राहिलं ते तू कर, पण जिवाला जपून कर."

तर लातूर. गल्लोगल्ली क्लास, भिंतीभिंतीवर टॉपरांचे फोटो, आणि पहाटेपासून पाठीला दप्तर लावून पळणारी पोरं. आमचे सर म्हणजे तिथलं बडं प्रस्थ. कॉलेजात नोकरी, बाहेर क्लास, त्यामुळं शिकवणारेही तेच आणि प्रॅक्टिकलचे मार्क देणारेही तेच. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की मागच्या बाकावरच्यालाही वाटावं आपल्यावरच खेकसताहेत. बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर कॅलिपर त्यांनी आम्हाला फळ्यावर खडूनं काढून दाखवला. खरा व्हर्निअर प्रयोगशाळेच्या कपाटात होता आणि कपाट उघडत नव्हतं. जर्नल मागच्या वर्षीच्या पोरांचं बघून उतरवायचं. प्रयोगात चूक येऊ नये म्हणून प्रयोगच करायचा नाही, अशी ती पद्धत.

एकदा मी वर्गात उठून विचारलं, "सर, माळवदाच्या भिंती बाहेरच्या बाजूला का फुटतात?"

सरांनी खडू खाली ठेवला. "कितव्या धड्यात आहे?"

"धड्यात नाही, सर. आमच्या गावात..."

"बोर्डाला येतं का?"

"नाही."

"मग बस खाली. बाळ, तुला इंजिनिअर व्हायचंय की इंजिनिअरिंगला लागायचंय? आधी लागा, मग काय व्हायचं ते व्हा."

वर्ग हसला. भूकंपाच्या जिल्ह्यातल्या पोरांचा वर्ग, बरं का! निम्म्यांच्या घरांना तडे गेलेले, कुणाची माणसं गेलेली, आणि हे खिदळताहेत. त्या दिवसापासून मी त्या वर्गाला कवडीची किंमत दिली नाही. मार्क मात्र पडत होते, कारण मार्क पडायला किंमत द्यावी लागत नाही. पाठ करावं लागतं.

माझ्याच खोलीत धर्माबादची एक मुलगी राहायची. तिच्या वडिलांचं मिरचीचं दुकान, घरात निम्मं तेलुगू. पोरगी मनानं वाईट नव्हती, पण इतकी पाठांतरी की झोपेतसुद्धा व्याख्या म्हणायची. आमची खोली एका शिंप्याच्या घराच्या माडीवर होती. खाली शिंपीचाचा मशीन चालवायचे आणि त्यांच्या बायकोला आम्ही खाला म्हणायचो. आमच्या दिव्याकडं बघत खाला म्हणायची, "बेटा, इतना पढके क्या करते? आंखें चली जाएंगी." त्या गल्लीत शहाणं बोलणारं ते एकच माणूस होतं.

आता कुलपाचं सांगते. दर रविवारी सकाळी टेस्ट असायची, तीन तासांची, बोर्डासारखी. टेस्ट सुरू झाली की जिन्याच्या तळाशी असलेलं जाळीचं दार ओढून त्याला कुलूप. उशिरा येणारा आत नको आणि लवकर उठणारा बाहेर नको. जिना एकच, तोही इतका अरुंद की दोघं समोरासमोर आले तर एकानं भिंतीला चिकटावं. वर तिसऱ्या मजल्यावर मुलं, खाली कुलूप, आणि किल्ली शिपायाच्या खिशात. भूकंपाच्या धास्तीनं सगळा जिल्हा उघड्यावर झोपत होता, हलक्या पत्र्याखाली राहत होता, वरच्या मजल्यावर जायला भीत होता. त्याच जिल्ह्यातले आईबाप आपली पोरं हौसेनं तिसऱ्या मजल्यावर कोंडून घरी भाजी निवडत बसायचे. "शिस्त लई हाय बगा सरांची," म्हणायचे. शिस्त!

बारावीची परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली होती. रविवारची टेस्ट चालू होती, केमिस्ट्रीची. आधी बाक हलला. मला वाटलं मागची पाय हलवून राहिली. मग पंखा झुलायला लागला आणि छतातून चुन्याची भुकटी माझ्या पेपरवर पडली. धक्का लहानच होता. तसे धक्के पुढं कितीतरी वर्षं येत राहिले, हे आज मी थंड डोक्यानं सांगू शकते. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं दादा आला आणि मी उठून पळाले. पायात चपला नव्हत्या, त्या वर्गाबाहेर काढलेल्या. जिना कसा उतरले माहीत नाही. खाली आले तर जाळी, जाळीला कुलूप, आणि शिपाई टपरीवर.

मी जाळी हलवली. ओरडले. रस्त्यावरून सायकलवाले जात होते, ते बघत पुढं गेले. वरून सरांचा आवाज आला, "कोण आहे ते? जागेवर बसा! वेळ जातोय!"

मला वाटलं, माझ्या मागं सगळे येतील. जिन्यात गर्दी होईल, मी चेंगरेन. तर कुणीच नाही. जिना रिकामा. चार-दोन जण उठले होते म्हणे, ते सरांनी डोळे वटारल्यावर बसले. पुष्कळ वेळानं धर्माबादची माझी मैत्रीण वरच्या वळणावर आली. माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं चला, एकीला तरी अक्कल आहे. ती वाकून म्हणाली, "अगं, तुझं लॉग टेबल घेऊ का? तू येऊन न्हाई राहिली तर."

काय बोलावं अशा पोरीला? मी बोलले, इथं लिहिण्यासारखं नाही.

शिपाई आला, कुलूप निघालं, आणि मी अनवाणी खोलीवर गेले. खालानं मला बघितलं आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो तसाच तोंडाला लावला, अर्धं पाणी अंगावर सांडलं. शिंपीचाचांनी मशीन बंद केलं, स्टँडवर जाऊन औशाच्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं आणि अण्णांना निरोप धाडला. संध्याकाळी क्लासचा निरोप आला. वडिलांना घेऊन ये, नाहीतर नाव कमी करू, आणि प्रॅक्टिकलचे मार्क कुणाच्या हातात असतात ते विसरू नकोस.

अण्णा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले. धुतलेलं धोतर, टोपी. मला कळत होतं, आता एकतर ते सरांचे पाय धरतील, नाहीतर मला घेऊन गावी जातील. पाय धरले असते तर मी त्यांना माफ केलं नसतं. गावी नेलं असतं तर दादाचं राहिलेलं तसंच राहिलं असतं. दोन्हींतलं काहीही झालं तरी मी मेलेच, असं वाटत होतं.

सरांच्या खोलीत आधीच चार-पाच पालक बसलेले होते, टेस्टचे मार्क विचारायला आलेले. सरांनी अण्णांना बसा म्हटलं नाही. "गुरुजी, तुम्ही स्वतः शिक्षक. तुमच्या मुलीनं भर पेपरात गोंधळ घातला. सगळ्या वर्गाचं चित्त विचलित केलं."

"चुकलं तिचं," अण्णा म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पण सर, एक विनंती होती. कुलूप नका लावू."

"आजवर एकाही पालकाची तक्रार नाही."

"हाव की," बसलेल्यांतला एक जण लगेच म्हणाला. "कुलूप न्हाई लावलं तर पोरं थांबतेत का? आमचं नुकसान कोण भरून देणार?" दुसरी एक बाई म्हणाली, "तुमच्या पोरीला भ्या वाटतंय तर घरी ठेवा की. समद्यांना कशाला?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. स्वतःच्या पोटच्या पोरांना कोंडायचा हक्क मागत बसली होती ती माणसं.

अण्णा त्यांच्याकडं वळले नाहीत. सरांकडंच बघत, वर्गात पाढे म्हणवून घेतात त्या आवाजात, ते म्हणाले, "भूकंपाच्या दिवशी पहाटे मी परसाकडं गेलो होतो, सर. पोरगा झोपला होता. कुत्रं शिरतंय म्हणून मी बाहेरून कडी लावून गेलो. जमीन हलली तसा पळत आलो. तो आतून दार वाजवत होता. दार तिरकं झालं होतं, कडी निघंना. मी ओढत होतो. मग वाजवायचं थांबलं."

हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आईनंसुद्धा ऐकलेलं नव्हतं. अण्णांनी ते तिथं सांगितलं, त्या माणसांसमोर, टेबलावरच्या त्या मार्कांच्या याद्यांपुढं. कडी नसती तरी माळवद पडायचं ते पडलंच असतं, झोपेतून उठून दारापर्यंत आलेल्या माणसाला बाहेर पडायला वेळ मिळालाच असता असं नाही, हे आज मी बांधकाम शिकले म्हणून म्हणू शकते. अण्णांना ते सांगून उपयोग नव्हता. पुढं दहादा सांगून बघितलं.

सरांनी समोरच्या याद्या बाजूला सारल्या. मला वाटलं, दगडाला पाझर फुटला. मग त्यांनी खणातून किल्ली काढली आणि टेबलावर टाकली. "तुम्हाला एवढी काळजी आहे ना? मग तुम्हीच सांभाळा. दर रविवारी या आणि बसा दाराशी. पण एकही पोरगं बाहेर गेलं तर तुमच्या मुलीचं नाव कमी." बसलेले पालक हसले. सरांना वाटलं, गुरुजी एवढ्या लांबून दर रविवारी कशाला झक मारायला येतोय.

अण्णा आले. परीक्षा होईपर्यंत दर रविवारी आले. सकाळच्या गाडीनं यायचे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर रुमाल अंथरून बसायचे, टेस्ट संपली की मला भाकरीचं गाठोडं देऊन परत जायचे. कुलूप ते कोयंड्यात नुसतं अडकवायचे, दाबायचे नाहीत. बोटानं ढकललं तर निघेल असं. वर बसलेल्यांना, रस्त्यावरच्यांना, सरांना वाटायचं कुलूप आहे. ते उघडं आहे हे मला माहीत होतं आणि अण्णांना. एकही पोरगं कधी खाली आलं नाही. उघडं आहे हे कळलं असतं तरी आलं नसतं, ही त्या पोरांची लायकी. पण मी पेपर लिहिला. सगळे पेपर लिहिले, आणि बोर्डात असे मार्क पडले की सरांना माझा फोटो लावावाच लागला.

सत्काराचा कार्यक्रम मोठा होता. मांडव, हार, स्मृतिचिन्हं, दाराशी ताशा. अण्णा पहिल्या रांगेत. सरांनी माइक हातात घेतला आणि भूकंप असा काही सांगितला, की जणू त्यांनी स्वतः तो सोसला होता. मग अण्णांकडं बोट करून म्हणाले, "हे गुरुजी! एवढं दुःख पचवून दर रविवारी माझ्या दाराशी पहारा द्यायला बसत होते. कशासाठी? एकही विद्यार्थी मधेच उठू नये म्हणून! याला म्हणतात पालक!" टाळ्यांचा कडकडाट. अण्णा गोंधळून उभे राहिले, हात जोडले आणि बसले. माझ्यापर्यंत माइक आला तेव्हा मी म्हणाले, "कुलूप लावलेलं नव्हतं." ताशा सुरू झाला होता. माइक माझ्या हातातून पुढच्या टॉपरकडं गेला. खाली बसलेल्या शेकडो लोकांतल्या एकाच्याही कानावर ते पडलं नाही.

पुढं मी इंजिनिअरिंगला लागले, आणि नंतर कष्टानं इंजिनिअरही झाले. व्हर्निअर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो कुठून धरायचा हे मला माहीत नव्हतं. आता नांदेडला असते, बांधकामाच्या खात्यात. अण्णा जाऊन काही वर्षं झाली.

गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीला घेऊन लातूरला जावं लागलं. माझा विरोध होता, पण घरात माझं कोण ऐकतं! सर म्हातारे झालेत, क्लासची आता मोठी इमारत आहे, बाहेर काचा, आत ए.सी. नेमका रविवार होता. पोरीला शेजारच्या ऑफिसात फॉर्म भरायला बसवून मी जिन्यापाशी आले. टेस्ट चालू होती. जिन्याच्या तळाशी जाळीचं दार, दाराला कुलूप. दाबलेलं. बाहेर स्टुलावर एक गृहस्थ बसलेले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, हातात किल्ली. छातीवर क्लासनं दिलेला बिल्ला, त्यावर छापलेलं 'पालक पहारा'.

"कुलूप कशाला लावलंय?" मी विचारलं.

"पेपर चालू हाय, मॅडम. इथली जुनी पद्धत हाय ही." गृहस्थ खुशीत आले. "आज आमची पाळी हाय. दर ऐतवारी एक पालक बसतो. लई वर्षांखाली एक भूकंपातले गुरुजी बसायचे म्हणे इथं. सरांनी मीटिंगला सांगितलं. एक बी पोरगं हलू दिलं न्हाई त्यांनी."

"ते माझे वडील," मी म्हणाले. "त्यांनी कुलूप एकदाही लावलं नाही. नुसतं अडकवून ठेवायचे. धक्का बसला तर पोरांना बाहेर पडता यावं म्हणून बसायचे ते."

गृहस्थ माझ्याकडं बघत राहिले. मग कुलपाकडं. "लावलं न्हाई? मग पोरं पळून गेली न्हाईत?"

"नाही."

"एक बी?"

"एक बी नाही. तुमचं कोण आहे वर?"

"पोरगी हाय."

"मग काढा ते."

त्यांचा चेहरा पडला. हातातली किल्ली त्यांनी दोनदा उलटी-सुलटी केली. मला वाटलं, काढतात. त्यांनी कुलपात किल्ली घातली, फिरवली, कुलूप निघालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात ते दार लोटून आत गेले आणि म्हणाले, "थांबा मॅडम. सरांना इचारून येतो."

आणि जाताना त्यांनी दार ओढलं, जाळीतून हात बाहेर काढून कुलूप पुन्हा लावलं, दाबलं, ओढून बघितलं. किल्ली खिशात टाकली आणि जिना चढून वर गेले.

वर पोरं होती. खाली कुणी नव्हतं. मी जाळीला दोन्ही हातांनी धरून बाहेर उभी राहिले.